प्रिव्ही : कौन्सिल, पर्स आणि संडास

दफ्तरदार

मंडळी, ‘प्रिव्ही’ या इंग्रजी शब्दावर धागा काढतोय. शब्द जुना आहे, आज बोलण्यात फारसा कुणी वापरत नाही, पण मराठी माणसाची त्याच्याशी तीन ठिकाणी गाठ पडते. पहिलं ठिकाण प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे इंग्रजी अमदानीत आपल्याकडची शेवटची अपिलं जिथे जात ते विलायतेतलं कोर्ट. जमिनीच्या भांडणात ‘प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन, पण वहिवाट सोडणार नाही’ ही भाषा आपल्या पणजोबांच्या पिढीची. दुसरं प्रिव्ही पर्स, म्हणजे संस्थानिकांचे तनखे, जे १९७१ च्या अखेरीस बंद झाले. आणि तिसरं, मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा. तो उघडला की जागोजागी ‘प्रिव्ही’ दिसतो, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ संडास.

राजाचं सल्लागार मंडळ, राजाची थैली आणि शौचकूप, तिघांना एकच शब्द. कोशात हे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात आणि वाचणारा ‘अनेकार्थी शब्द आहे’ म्हणून पुढे जातो. मला मात्र वाटतं की तिन्हीच्या मुळाशी एकच अर्थ आहे आणि आज आपण ज्याला प्रायव्हसी म्हणतो त्याहून तो बराच वेगळा आहे.

आधी व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘प्रिव्हुस’ म्हणजे एकटा, सुटा. त्यावरून ‘प्रिव्हारे’ हे क्रियापद: वेगळं काढणं, हिरावून घेणं. इंग्रजी ‘डिप्राइव्ह’ त्यातलाच. ‘प्रिव्हातुस’ म्हणजे सार्वजनिक कारभारापासून दूर असलेला, ज्याच्याकडे सरकारी पद नाही असा. फ्रेंचमध्ये त्याचं ‘प्रिव्हे’ झालं आणि अर्थात घरोबा शिरला: जवळचा, विश्वासातला, सलगीचा. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड घेतल्यावर फ्रेंच शब्द तिथल्या भाषेत शिरत गेले, त्यांत हाही होता. तेराव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत चांगला रुळला, आणि संडास हा अर्थही तेव्हापासूनच सोबत आहे. ‘प्रायव्हेट’ हा शब्द इंग्रजीने नंतर थेट लॅटिनमधून उचलला. मूळ एकच, पण वाट वेगळी.

ही वाट महत्त्वाची आहे. ‘प्रायव्हेट’ची पाटी लावली की बाहेरच्यांना मज्जाव. ‘प्रिव्ही’मध्ये भर आहे तो कुणाला आत घेतलंय यावर. अमका कटाला ‘प्रिव्ही’ होता असं इंग्रजीत म्हणतात, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं, तो आतल्या गोटातला होता, असा अर्थ होतो.

हे सगळ्यात लख्ख दिसतं ते आठव्या हेन्रीच्या महालात. बाहेर मोठा दरबार, तिथे बऱ्याच जणांना जाता येई. त्याच्या आत प्रेझेन्स चेंबर. त्याच्याही आत प्रिव्ही चेंबर, जिथे मोजक्याच माणसांना पाय ठेवता येई. आणि या मोजक्यांतला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे ‘ग्रूम ऑफ द स्टूल’. हे ‘स्टूल’ म्हणजे राजाची शौचाची बैठक: मखमलीने मढवलेली पेटी, वर भोक, आत भांडं. राजा तिथे बसला की हा माणूस सेवेला हजर. काम काय होतं ते वाचून आपण नाक मुरडतो, पण या पदासाठी खानदानी लोक धडपडत, कारण राजाच्या कानाशी त्या वेळी दुसरं कुणीच नसे. १५२६ पासून हे पद हेन्री नॉरिस याच्याकडे होतं. राजाच्या खासगी खर्चाची थैली, म्हणजे प्रिव्ही पर्स, हीसुद्धा ग्रूमच्याच ताब्यात. शौचाच्या वेळी जवळ असणारा आणि पैसा सांभाळणारा माणूस एकच! अर्थ तीन कसे, याचं उत्तर मला या एका माणसात मिळतं. ज्याला राजाच्या देहाजवळ जाता येतं, त्याच्याच हाती गुपित आणि त्याच्याच हाती पैसा.

१७ मे १५३६ रोजी राणी अ‍ॅन बोलिनशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून नॉरिसचं डोकं उडवलं. आरोप खोटा होता असंच बहुतेक इतिहासकार मानतात. इतक्या जवळ असलेल्या माणसाला संशयापासून वाचायला जागाच उरत नाही.

प्रिव्ही कौन्सिल, प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट वगैरे कायद्याच्या बाजूवर जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि मराठीत या शब्दाला ‘खासगी’ कितपत चालतो, यावरही मतं हवी आहेत.

कोर्टपक्षी

दफ्तरदार, उत्तम धागा. कायद्याच्या बाजूबद्दल माझ्याकडून थोडं.

आपल्याकडची अपिलं जिथे जात ती प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती, १८३३ च्या कायद्याने स्थापन झालेली. राजाकडे दाद मागायची आणि राजाने आपल्या विश्वासातल्या माणसांना विचारून निर्णय द्यायचा, अशी मूळ कल्पना. म्हणून शेवटपर्यंत त्यांचा निकाल हा नावापुरता ‘सल्ला’ असे: आम्ही बादशहांना नम्रपणे असा सल्ला देतो, अशी त्याची भाषा. निकाल देणारं कोर्ट सल्ल्याच्या भाषेत बोलतं, हे तुमच्या मुद्द्याला धरूनच आहे.

मराठी माणसाला हे नाव सगळ्यात जास्त टिळकांमुळे माहीत झालं. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे परवानगी मागितली, तेव्हा टिळकांच्या बाजूने अ‍ॅस्क्विथ उभे राहिले, जे पुढे १९०८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परवानगी नाकारली गेली. १९०८ च्या शिक्षेनंतर दादासाहेब खापर्डे त्याच खटपटीसाठी विलायतेला गेले, त्यालाही यश आलं नाही. पण ताई महाराज प्रकरणात टिळक तिथेच जिंकले. पुण्याच्या बाबा महाराजांच्या मृत्युपत्राचे टिळक एक विश्वस्त. त्यांच्या विधवेने, ताई महाराजांनी, औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेतलं, मग कोल्हापूरकडच्या बाळा महाराजांना पुढे केलं, आणि त्यातून वर्षानुवर्षं दावे चालले. मुंबई हायकोर्टाचा निकाल विरुद्ध गेला होता. तो १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फिरवला आणि जगन्नाथ महाराजांचं दत्तविधान कायम केलं. राजद्रोहात ज्या दाराने परत पाठवलं, त्याच दाराने घरगुती दत्तकाच्या भांडणात न्याय दिला.

या समितीवर आपली माणसंही बसली. मुंबईचे सर दिनशा मुल्ला १९३० मध्ये, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर १९३९ मध्ये. १० ऑक्टोबर १९४९ पासून भारतातून तिकडे जाणारी अपिलं बंद झाली.

आता ‘प्रिव्हिटी’. करारात जो पक्षकार नाही त्याला त्या करारावर दावा लावता येत नाही, हे तत्त्व. विलायतेत ते १८६१ च्या ट्वेडल विरुद्ध अ‍ॅटकिन्सन खटल्याने पक्कं झालं. इथेही ‘प्रिव्ही’ म्हणजे आतला माणूस: करार ज्यांच्यात झाला ते आतले, बाकी सगळे परके. पण १९१० चा ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम हा खटला बघा. लग्नाच्या वेळी नवरा-नवरी दोघंही अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेले. दोन्ही बापांमध्ये करार झाला की सासरा सुनेला ‘खर्च-इ-पानदान’ (हातखर्च) म्हणून दरमहा ५०० रुपये देईल. पुढे बिनसलं, ती सासर सोडून गेली, सासऱ्याने पैसे थांबवले. तिने दावा लावला. सासऱ्याचं म्हणणं, करार मी तिच्या बापाशी केला, ही कोण? प्रिव्ही कौन्सिलने तिच्या बाजूने निकाल दिला. जिथे लग्नं अज्ञान मुलांची आणि वडीलधाऱ्यांनी ठरवलेली असतात, तिथे विलायती नियम जसाच्या तसा लावला तर ज्यांच्यासाठी करार झाला त्यांच्यावरच अन्याय होईल, असं त्यांनी म्हटलं. माझ्या मते त्या कोर्टाचा हा एक फार शहाणा निकाल आहे. जी करारात ‘प्रिव्ही’ नव्हती तिला प्रिव्ही कौन्सिलने आत घेतलं.

मैनावती

दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. वाखूसा (वाचनखूण साठवली).

दफ्तरदार, राजाच्या महालापुरतं तुमचं म्हणणं पटलं. पण राणीवशाच्या आणि साध्या घरातल्या बाईच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसरने लिहिलेली व्यापाऱ्याची गोष्ट आठवते का? म्हातारा सरदार जानेवारी, त्याची कोवळी बायको मे, आणि तिच्यावर जीव जडलेला डॅमियन नावाचा चाकर. डॅमियन तिच्या हाती गुपचूप चिठ्ठी देतो. आता ही चिठ्ठी तिने वाचायची कुठे? नवरा सतत जवळ. मग ती ‘जिथे प्रत्येकाला जावंच लागतं’ तिथे जायचं निमित्त करते, तिथे बसून चिठ्ठी वाचते, फाडून चिंध्या करते आणि हळूच प्रिव्हीत टाकून देते. चॉसरने शब्द ‘प्रिव्ही’च वापरलाय.

नीतिअनीती बाजूला ठेवा. अख्ख्या वाड्यात त्या मुलीला चार ओळी एकटीने वाचायला दुसरी जागा नव्हती. इथे ‘प्रिव्ही’ म्हणजे कुणाला आत घेतलं हे नाही, इथे कुणीही आत येऊ शकत नाही हेच महत्त्वाचं आहे. म्हणजे आजच्या अर्थाची प्रायव्हसी सहाशे वर्षांपूर्वी एका बाईला मिळाली ती तिथे, आणि तेवढाच वेळ.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागणार नाही. माझ्या आजोळी नव्या सुनेला माहेरचं पत्र आलं की ते आधी माजघरात सगळ्यांसमोर वाचलं जाई. रडायचं असेल तर न्हाणीघर. दार लावून पाण्याचा आवाज करायचा.

लंडनवासी

मैनावतीताई, फार चांगला मुद्दा. त्यात थोडी शहराची भर घालतो.

लंडनमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीपासून शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या बांधकामाच्या भांडणांसाठी नियम होते. त्यात प्रिव्हीच्या खड्ड्याचं अंतरही ठरलेलं: खड्डा दगडाने बांधलेला असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन फूट. चौदाव्या शतकातल्या तक्रारींच्या नोंदी शिल्लक आहेत आणि त्या वाचताना आपल्या हाउसिंग सोसायटीची सभा चालू आहे असं वाटतं. शेजाऱ्याची घाण माझ्या तळघरात झिरपते, त्याच्या खिडकीतून माझं अंगण दिसतं, ही त्यांतली नेहमीची गाऱ्हाणी. १३४७ मध्ये तर दोघांनी आपली घाण नळाने थेट शेजाऱ्याच्या तळघरात सोडल्याचं प्रकरण आहे. म्हणजे वास आणि नजर, दोन्हींपासून संरक्षण मागणारे लोक तेव्हाही होते.

पण एकांत? तो मात्र क्वचित. हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात हेन्रीच्या दरबारातल्या कनिष्ठ लोकांसाठी जी सोय होती तिला ‘ग्रेट हाउस ऑफ ईझमेंट’ म्हणत. एका वेळी २८ जण बसतील एवढी. लाकडी फळ्या, त्यांना भोकं, शेजारी शेजारी. म्हणून दफ्तरदारांच्या मुद्द्याकडे माझा कल आहे. दार लावून एकटं बसणं हा प्रिव्हीचा गाभा नव्हता. तो चैनीचा भाग होता.

अवांतर: न्यायिक समिती अजून बंद झालेली नाही. पूर्वी डाउनिंग स्ट्रीटवर बसायची, २००९ पासून पार्लमेंटसमोरच्या मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये बसते, त्याच इमारतीत ब्रिटनचं सुप्रीम कोर्टही आहे. मॉरिशस, जमैका अशा देशांची अपिलं अजून तिथे येतात. सुनावणी कुणालाही जाऊन बघता येते. ‘प्रिव्ही’ नाव असलेल्या कोर्टात सामान्य माणूस मागच्या बाकावर जाऊन बसतो, हे मला फार आवडतं.

गिरगावकर

महापालिकेच्या कायद्याचा उल्लेख धाग्यात आला म्हणून लिहितो, कारण तो भाग नुसता शब्दार्थ सांगून सोडून देण्यासारखा नाही.

१८८८ च्या त्या कायद्यात ‘हाउस-गली’ची व्याख्या आहे. गटारासाठी, किंवा प्रिव्ही, मुतारी, मोरीचा खड्डा यांच्यापर्यंत सफाई करणाऱ्याला पोहोचता यावं म्हणून राखलेली जमिनीची पट्टी. आपण जिला घरगल्ली म्हणतो ती हीच. दोन चाळींच्या पाठी एकमेकींकडे, मधे ही अरुंद बोळ, वरून नळ उतरलेले, खाली कायम ओल. आज पोरांचा चेंडू तिथे पडला की कुणी आणायला जात नाही. पण ती बोळ मुळात एका माणसासाठी ठेवली होती. त्या माणसाला कायद्यात नाव आहे ‘हलालखोर’, आणि त्या कामासाठी घरमालकांवर बसवलेली पट्टी म्हणजे हलालखोर टॅक्स.

टोपलीच्या संडासात काय व्हायचं ते माझ्या वडिलांनी पाहिलंय. बसायची जागा वर, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या भिंतीला घरगल्लीच्या बाजूने एक छोटं झापड. सफाईवाला किंवा सफाईवाली पहाटे त्या झापडातून टोपली ओढायची, मोठ्या डब्यात रिकामी करायची, डबा डोक्यावर. घरातल्या कुणाच्या नजरेला तो माणूस पडू नये अशी सगळी रचना. पुढच्या दाराने यायचं नाही, जिन्याने चढायचं नाही.

आता वर दफ्तरदारांनी सांगितलेला ग्रूम ऑफ द स्टूल आणि हा हलालखोर शेजारी ठेवून बघा. काम तेच. एकाला त्या कामासाठी जहागिरी आणि राजाचा कान मिळाला, दुसऱ्याला मागची बोळ. कारण एकाला जवळ येण्याचा मान म्हणून ते काम दिलं होतं आणि दुसऱ्याला जातीमुळे ते चिकटवलं होतं. आमच्या चाळीच्या ‘प्रायव्हसी’ची किंमत या दुसऱ्या माणसाने मोजली, पिढ्यान्‌पिढ्या. प्रिव्ही या शब्दावर बोलताना त्याला बाजूला ठेवणं मला जमणार नाही.

रानमेवा

गिरगावकर, प्रत्येक शब्दाशी सहमत.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करायला समिती नेमली होती, ती याच प्रश्नावर. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची पद्धत थांबवण्याचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, आणि तो पुरेसा पडला नाही म्हणून दुसरा २०१३ चा. मध्ये किती दशकं गेली ते बघा.

मी कणकवलीजवळची, म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचं काम आपल्याला मिळावं म्हणून ते अडून बसले होते. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथे मैल्याचं खत करणारा संडास तयार केला, जो ‘गोपुरी संडास’ म्हणून ओळखला गेला. दुसऱ्या माणसाने हाताने उपसावं लागू नये, हाच त्यामागचा सगळा विचार. ज्या जागेचं नावही लोक घेत नाहीत त्या जागेवर या माणसाने आयुष्याची कितीतरी वर्षं खर्च केली.

मैनावतीताईंच्या मुद्द्याला जोडून एक. आमच्याकडे परसाकडे जाणं, बहिर्दिशेला जाणं असे शब्द. इंग्रज ‘आतल्या’ जागेला गेला, आपण ‘बाहेर’ गेलो. आणि बाहेर जाणाऱ्या बाईला आडोसा कधी मिळे? उजाडायच्या आधी किंवा अंधार पडल्यावर. दिवसभर कळ सोसायची. पाणी कमी प्यायचं. हे दुखणं गावोगाव होतं आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. त्या बाईला प्रिव्हीचा साधा मूळ अर्थही मिळालेला नव्हता.

पंचगंगा

तनख्यांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

मराठीत ‘प्रिव्ही’ला नेमका शब्द कोणता, याचं उत्तर संस्थानी दफ्तरात आहे: खासगी. ‘खासा’ म्हणजे स्वतः राजा, ‘खासा स्वारी’ म्हणजे राजाची स्वतःची स्वारी, आणि ‘खासगी’ म्हणजे राजाच्या स्वतःच्या खर्चाचं, घरातलं, दौलतीपासून, म्हणजे राज्याच्या कारभारापासून, वेगळं. कोल्हापुरात खासगी खातं होतं, बडोद्याला त्यालाच खानगी खातं म्हणत. होळकरांकडे तर खासगी ही राणीची. १७३४ मध्ये पेशव्यांनी गौतमाबाई होळकरांना स्वतंत्र खासगी जहागीर दिली. अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या याच खासगीच्या उत्पन्नातून, दौलतीच्या तिजोरीला हात न लावता. ‘खासगीवाले’ हे आडनावही यातूनच. म्हणून दफ्तरदार, माझ्या मते खासगी हा प्रिव्हीला चालतो असं नाही, तो प्रिव्हीच आहे. आपणच त्याचा अर्थ पातळ करून ‘खासगी क्लास’, ‘खासगी गाडी’पर्यंत आणला.

स्वातंत्र्यानंतर दक्षिणी संस्थानं, म्हणजे सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत वगैरे, ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. बदल्यात ठरलेला सालिना तनखा. राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाने त्याची हमी दिली आणि त्यावर प्राप्तिकर नाही असंही म्हटलं. रकमांमध्ये जमीनअस्मानाचा फरक. बडोदा, म्हैसूर यांचा तनखा वीस लाखांच्या वर, आणि सौराष्ट्रातल्या कटोडिया नावाच्या चिमुकल्या जहागिरीचा वर्षाला १९२ रुपये.

मग १९७०. तनखे रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत अडलं. बाजूने १४९, विरुद्ध ७५. दोन तृतीयांश व्हायला एक पूर्ण मतही कमी नव्हतं, त्याहूनही कमी. सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सुप्रीम कोर्टात गेले आणि ११ न्यायमूर्तींच्या पीठाने १५ डिसेंबर १९७० ला तो आदेश रद्द ठरवला. पुढच्या निवडणुकीनंतर सव्विसावी घटनादुरुस्ती आली आणि १९७१ च्या डिसेंबरात विषय संपला.

तनखे जायलाच हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या देशात माणसं डोक्यावरून मैला वाहत होती (वर रानमेवाताईंनी लिहिलंय) तिथे करमाफ तनखा कुठल्या तोंडाने द्यायचा? पण हेही खरं की तो करार होता, आणि ज्यांनी संस्थानं निमूटपणे सोपवली त्यांना दिलेला शब्द होता. ती टोचणी मला रास्त वाटते.

चिंचेचं_बोटूक

छान चर्चा चालू आहे, वाचतेय. दोन छोटे प्रश्न. ‘प्रिव्हिलेज’ याच मुळातला का? आणि उच्चार ‘प्रायव्हसी’ की ‘प्रिव्हसी’?

दफ्तरदार

हो, प्रिव्हिलेज याच मुळातला. ‘प्रिव्हुस’ अधिक ‘लेक्स’ म्हणजे कायदा: एका माणसापुरता कायदा. रोमन लोकांत तो एखाद्याच्या विरुद्धही असू शके. आपल्या घटनेच्या ३६२ व्या कलमात संस्थानिकांचे ‘प्रिव्हिलेज’ होते आणि २९१ मध्ये ‘प्रिव्ही पर्स’. सव्विसाव्या दुरुस्तीने दोन्ही कलमं एकदमच गेली.

उच्चार दोन्ही बरोबर. इंग्लंडात ‘प्रिव्हसी’, अमेरिकेत ‘प्रायव्हसी’. आपण शाळेत शिकलो ते इंग्लंडचं इंग्रजी, पण बोलतो अमेरिकेसारखं.

मैनावतीताई, तुमच्या मे वर मी बराच विचार केला. तिला एकांत मिळाला तो त्या जागेच्या लाजेमुळे. तिथे नवऱ्यानेही मागे जायचं नसतं. राजाला मात्र ती लाज नव्हती, कारण त्याचा देह राज्याच्या मालकीचा. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन माणसं दोन टोकांना उभी आहेत. एकाच्या भोवती माणसं आहेत आणि तो ती निवडतो. दुसरीला निवड नाही, म्हणून ती दार लावते. तुमच्या आजोळच्या न्हाणीघराबद्दल वाचून मला हे कळलं.

आणि गिरगावकर, तुमच्या प्रतिसादाशिवाय हा धागा अपुरा राहिला असता. १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी प्रायव्हसीच्या हक्कावर तो प्रसिद्ध लेख लिहिला, ज्यापासून या हक्काची आधुनिक चर्चा सुरू झाली असं मानतात. त्याच सुमारास मुंबईत घरगल्लीचा कायदा नवा कोरा होता. वर्तमानपत्रांनी श्रीमंतांच्या घरात डोकावू नये, ही त्या लेखामागची एक मोठी तळमळ. झापडातून टोपली ओढणाऱ्या बाईला कुठला हक्क, हे त्या काळात कुणी विचारत नव्हतं. २४ ऑगस्ट २०१७ ला आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवताना तो माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडला. मला तो निकाल यासाठी मोलाचा वाटतो. प्रतिष्ठेशी जोडला की मग मागच्या बोळातल्या माणसालाही तो लागू होतो.

किल्लेदार

दफ्तरदार, एक शंका. ‘लॉर्ड प्रिव्ही सील’ म्हणून ब्रिटनमध्ये मंत्री असतो. हा शिक्का म्हणजे आपल्या शिवकालीन पत्रांवरच्या मोर्तबासारखा का? पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’.

दफ्तरदार

किल्लेदार, काम वेगळं. मोर्तब पत्राच्या शेवटी येतं, मजकूर इथे संपला, यापुढे कुणी भर घालू नये म्हणून. प्रिव्ही सील हा राजाचा जवळचा, छोटा शिक्का. मोठा शिक्का चॅन्सलरच्या कचेरीत असे आणि राजा फिरतीवर. मग राजाने आपल्याजवळच्या शिक्क्याने हुकूम काढायचा आणि त्या हुकुमावरून मोठा शिक्का उठवायचा. जॉन राजाच्या काळापासून, म्हणजे १२०० च्या आसपास, ही पद्धत दिसते. पुढे गंमत अशी की या छोट्या शिक्क्याचीही स्वतंत्र कचेरी झाली, तो राजापासून लांब गेला, आणि राजाला आणखी जवळचा तिसरा शिक्का करावा लागला, त्याला सिग्नेट म्हणत. तो सेक्रेटरीकडे असे, आणि ‘सेक्रेटरी’ म्हणजे मुळात गुपित सांभाळणारा.

१८८४ च्या कायद्याने प्रिव्ही सीलची गरज संपली. पद मात्र अजून आहे, आणि बहुतेक वेळा ते पार्लमेंटच्या दोन सभागृहांपैकी एकाच्या नेत्याकडे असतं. त्याच्याकडे या शिक्क्याचं असं काही काम उरलेलं नाही.

कोल्हापूरच्या खासगी खात्याच्या शिक्क्याबद्दल पंचगंगांनी लिहावं. त्यावर मजकूर काय असे, हे वाचायला आवडेल.